आमची वाटचाल : घाट उजेडात आला पाहिजे

साताऱ्यात टूर्स-ट्रॅव्हल्सचे दुकान म्हणजे मुंबई-पुण्याच्या बसची तिकिटे आणि लग्नसराईतल्या गाड्या. आमचीही सुरुवात तशीच झाली. रेल्वेने घाट दाखवून आणायची सहल हा आधी जोडधंदा होता. आता पावसाळा सरता सरता ते दिवाळीपर्यंत आमचे मुख्य काम तेच आहे. गिऱ्हाईक सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातले. बहुतेक जण कुटुंबासह येणारे, काही निवृत्त मंडळींचे गट, काही शाळा.

सगळ्यात जास्त मागणी दूधसागरची. मिरजेहून बेळगाव, लोंढा करत गाडी कॅसलरॉकला येते आणि तिथून करंझोळ, दूधसागर करत गोव्यातल्या कुळ्याला उतरते. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर साधारण २६ किलोमीटर, चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. ही वाट १८८८ सालची, मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतराची. १९६१पर्यंत एका बाजूला ब्रिटिश आणि नंतरचा भारत, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज गोवा, म्हणून कॅसलरॉक हे सरहद्दीचे स्टेशन होते. पुढे १९९०च्या दशकात हे अंतर वाढवून ब्रॉड गेज झाले. धबधबा ३१० मीटरचा, पाणी मांडवीचे, आणि रेल्वेचा पूल थेट त्याच्या अंगावरून जातो.

आता खरी मेख. गोवा एक्सप्रेस दिल्लीहून येताना साताऱ्याला संध्याकाळी, मिरजेला रात्री येते आणि हा सगळा घाट मध्यरात्रीनंतर, अंधारात उतरते. तीच गाडी परतताना वास्कोहून दुपारी तीनच्या सुमारास सुटते, मडगाव घेते आणि घाट उजेडात चढते. सुरुवातीला आम्ही लोकांच्या सोयीने योजना आखत होतो: जाताना रेल्वे, येताना बस. त्यात घाट झोपेत जायचा. तेव्हापासून आमची पद्धत उलटी आहे. घाट उजेडात कोणत्या गाडीने, कोणत्या दिशेने पार होतो ते आधी कागदावर लिहायचे; तिकीट, नाश्ता, फिरणे, घरी सोडणारी गाडी हे सगळे त्यावरून मागे मोजत जायचे.

म्हणून दूधसागरची सहल रात्री जाऊन दुसऱ्या दिवशी परतण्याची. पहाटे मडगाव, स्टेशनवर आंघोळ-चहा, जवळची एक-दोन ठिकाणे, दुपारी दोनच्या आत पुन्हा स्टेशन. परतीच्या प्रवासावर जास्त भरवसा ठेवता येतो, कारण गाडी वास्कोहूनच सुटते. दिल्लीहून येणारी गाडी दोन-तीन तास उशिरा आली तर गोव्यातले फिरणे कमी होते, घाट जात नाही. मात्र ती फारच रेंगाळली तर तोच रेक, म्हणजे डब्यांची तीच माळ, परत फिरायचा असल्याने सुटण्याची वेळही पुढे ढकलली जाते. त्या दिवशी सकाळी गाडी कुठे पोचली आहे हे बघून आम्ही फिरण्याची ठिकाणे कमी-जास्त करतो. वेळापत्रक दरवर्षी थोडे सरकते, म्हणून छापील पत्रकात वेळ न देता आदल्या आठवड्यात नवी वेळ कळवतो.

महिना निवडताना लोक जुलै मागतात, पाणी भरपूर म्हणून. पाणी असते हे खरे, पण धुकेही तितकेच असते. पुलावरून गाडी जाताना समोर पांढरा पडदा आणि पाण्याचा आवाज, एवढेच हाती लागते. शिवाय दरडी. २०२१च्या जुलैत कोकण रेल्वे बंद पडल्यामुळे या मार्गाने वळवलेली मंगळुरू-मुंबई गाडी दूधसागरजवळ दरड कोसळून रुळांवरून घसरली होती. त्यानंतर जून ते ऑगस्टमध्ये या घाटाचे गट आम्ही घेतच नाही. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा आमच्या मते सर्वांत चांगला काळ: पाणी टिकून असते, धुके विरळ होते, आणि सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, त्यात डोंगराची सावली आणि बोगदे, म्हणजे गाडी थोडी लांबली की कॅसलरॉकच्या बाजूचा घाट गेलाच.

कुळ्याला गाडी जास्त वेळ थांबते, तेव्हा मागून ढकलणारी जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. वर कॅसलरॉकला ती सुटतात. हा वेळ चहाचा, पण उतरणाऱ्यांची मोजणी आमचा माणूस दारात उभा राहून करतो. गाडी हलायच्या आधी सगळे आत, आणि घाटभर दारे बंद.

दूधसागरला उतरायचे नाही, ही आमची अट नोंदणीच्या अर्जावरच असते. ते विचारणारे फोन अजून येतात. परवानगीशिवाय रुळांवर जाणे हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२३मध्ये रुळांवरून चालत आलेल्या ट्रेकरना तिथे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. ज्यांना पायथ्याशी जायचे आहे त्यांच्यासाठी कुळ्याहून अभयारण्यातून जाणाऱ्या जीप आहेत. त्या पावसाळा संपल्यावर सुरू होतात आणि ती सहल वेगळी.

डबा कोणता, यावर आमचे मत पक्के आहे. घाटासाठी स्लीपर. वातानुकूलित डब्याची काच बंद असते, पावसात तिच्यावर बाहेरून ओघळ येतात आणि फोटोत फक्त डब्यातल्या दिव्याचे प्रतिबिंब उमटते. स्लीपरमध्ये खिडकी उघडते; सर आली तर पाच मिनिटे बंद करावी लागते, इतकेच. आता खिडक्यांचा हिशेब. एका कप्प्यात आठ बर्थ: समोरासमोरच्या बाकांवर तीन-तीन, बाजूला दोन. दिवसा बसून प्रवास करताना मोठ्या बाकांवर एकेक असे दोघे खिडकीला, बाजूच्या ७ आणि ८ नंबरचे दोघे पलीकडच्या खिडकीला. आठ जणांत चार खिडक्या. म्हणून कुळ्यापासून वीस-वीस मिनिटांनी जागा बदलायच्या, हे आधीच सांगून ठेवतो. न सांगितल्यास भांडण ठरलेले. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते अकराच्या मुलाचे बर्थशिवाय अर्धे तिकीट निघते, पण खिडकीचा हिशेब या मुलांमुळेच बिघडतो. परतीला या वयाच्या मुलांसाठी आम्ही पूर्ण तिकीट काढून बर्थ घ्यायला सांगतो.

गट ३६चा ठेवतो. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावे बसतात, म्हणजे सहा तिकिटे, आणि ती वेगवेगळ्या डब्यांत विखुरण्याची शक्यता. मोठ्या गटासाठी स्टेशनवर अर्ज देऊन, नावे-वये-ओळखपत्रांची यादी जोडून एकत्र आरक्षण मागता येते. वेळ लागतो, पण एका डब्यात जागा मिळण्याचा मार्ग तोच. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आले. त्याने आमचे वर्षाचे गणितच बदलले. आधी मे महिन्यात सप्टेंबरची तिकिटे हातात असायची; आता गणपतीच्या धामधुमीत ऑक्टोबरची काढावी लागतात. म्हणून नावनोंदणी ७५ दिवस आधी बंद करतो. मागून आलेल्याला तत्काळवर नेत नाही. वेटिंग तिकिटावर पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या सामायिक कोट्याची प्रतीक्षायादी) आले की ते कन्फर्म होईल असे धरून चालत नाही, आणि चार्टनंतरही वेटिंगच राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते, त्यावर चढता येत नाही. स्वतःच्या आयडीवरून तिकिटे काढून विकणाऱ्यांपासून दूर राहा. रेल्वे कायद्याच्या कलम १४३खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तपास झाला तर प्रवाशाचे तिकीटही रद्द होते. आम्ही अधिकृत एजंटाची परवानगी घेतली ती यासाठीच.

एक चूक वारंवार होते. तिकीट साताऱ्याहून आणि माणूस चढतो मिरजेला. बोर्डिंग, म्हणजे तिकिटावरचे चढण्याचे स्टेशन, बदलले नसेल तर टीसी त्याला आलाच नाही असे धरून बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. बदल मुदतीत करा, आणि एकदा बदलले की आधीच्या स्टेशनवरून चढण्याचा हक्क जातो हेही लक्षात ठेवा.

शाळांसाठी दूधसागर लांब पडतो. त्यांना वाठार ते सालपे या टप्प्यातला आदर्कीचा घाट पुरतो. साताऱ्याहून कोयना एक्सप्रेसने दुपारच्या आत निघायचे आणि लोणंद किंवा जेजुरी, त्या वेळी जिथे थांबा असेल तिथे उतरायचे. बस आधीच रस्त्याने पाठवून ठेवायची, परतीला तीच. इथे अडचण थांब्याची असते. गाडी दोन मिनिटे थांबते आणि साठ मुले एका दारातून तेवढ्यात उतरत नाहीत. तीस-तीसचे दोन गट, दोन डबे, प्रत्येक डब्याची दोन्ही टोकांची दारे. उतरण्याच्या आधीच्या स्टेशनपासून दप्तरे पाठीवर, आणि सगळ्यात शेवटी उतरणारे शिक्षक ठरलेले. पुणे-मिरज दुहेरीकरणाच्या कामांसाठी ब्लॉक घेतले, म्हणजे काही काळ वाहतूक बंद ठेवली, की वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी पुन्हा खात्री करतो.

भोर घाटासाठी पुणे-मुंबई गाड्यांना लागणारा विस्टाडोम डबा आता अनेकांना हवा असतो. ४४ आसनांचा डबा, मोठ्या काचा, फिरणाऱ्या खुर्च्या. साताऱ्याहून पहाटे रस्त्याने पुण्याला जावे लागते. हे आम्ही दहा-बारा जणांच्या गटालाच सुचवतो.

खाण्याचे एकच सांगतो: पोळी-भाजीचा डबा रात्री भरला की दुसऱ्या दुपारी आंबतो. माणशी चार दशम्या, पन्नास ग्रॅम शेंगदाण्याची चटणी, दीडशे ग्रॅम सांगलीचा भडंग. दशमीची कणीक दुधात मळलेली, म्हणून टिकते. भडंग घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर घाटातल्या हवेत अर्ध्या तासात मऊ पडतो. पाणी माणशी दोन लिटर.

परतीचा शेवटचा टप्पा सगळेच विसरतात. मिरजेला साडेदहा-अकरा होतात, साताऱ्याला मध्यरात्र उलटलेली असते आणि स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. त्या वेळी रिक्षा मिळेल या भरवशावर कोणालाही सोडत नाही. दोन टेम्पो ट्रॅव्हलर कराड सुटले की स्टेशनकडे निघतात, चालकाकडे घरांचे पत्ते क्रमाने लिहिलेले असतात, आणि ज्येष्ठांची घरे यादीत आधी येतात.