अहवाल येण्यापूर्वीची उपकारस्तुती

गेल्या काही महिन्यांत नागपूरच्या आमच्या सदर भागातील बाजारात, चर्चच्या आवारात किंवा फोनवर भेटणारा प्रत्येक जण आम्हां उभयतांना एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे यांना गुण आला का. आम्ही प्रार्थनासभेत देवाचे आभार मानतो, तेव्हा आजार बरा झाला असावा असा ऐकणाऱ्यांचा समज होतो. वस्तुस्थिती अशी आहे, की माझ्या पतींवर सध्या जो उपचार चालू आहे तो अद्याप चाचणीच्या अवस्थेत असून त्याचा परिणाम आम्हांलाच काय, डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाही.

आजाराचे नाव मल्टिपल मायलोमा. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि हाडे आतून पोकळ करत जातात. रेल्वेच्या लेखा विभागात आयुष्यभर खुर्चीवर बसून काम केल्यामुळे कंबर दुखत असेल, असे आम्ही बरेच दिवस मानत होतो. निदानानंतर बोर्टेझोमिबची इंजेक्शने झाली, लेनालिडोमाइडच्या गोळ्या झाल्या, स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण झाले, मधली काही वर्षे चांगली गेली आणि मग आजार परत आला. तेव्हा नागपूरच्या आमच्या डॉक्टरांनी मुंबईत सुरू असलेल्या कार-टी पेशी उपचाराच्या, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचाराच्या, चाचणीविषयी सांगितले.

मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले, की या टप्प्याचा मुख्य हेतू उपचार कितपत सुरक्षित आहे हे पाहणे हा आहे आणि लाभ होईलच असे वचन ते देऊ शकत नाहीत. मराठीत छापलेले माहितीपत्रक आणि संमतीपत्र घरी नेऊन सावकाश वाचायला त्यांनी दिले. कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येईल, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई मिळेल, चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत आहे, हे सारे त्यात होते. मी निवृत्त शिक्षिका असल्यामुळे पेन्सिल घेऊनच वाचायला बसले आणि समासात प्रश्न लिहीत गेले. ते सगळे प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांनी एकेक करून, घड्याळाकडे न पाहता सोडवले.

चर्चच्या मंडळीतील एकदोघांनी मात्र, मनात विश्वास असेल तर असल्या प्रयोगाची गरज काय, असे सुचवले. मला हा आक्षेप मुळातच समजत नाही. माझी मावशी सीताबर्डीच्या मुर मेमोरियल रुग्णालयात परिचारिका होती. शस्त्रक्रियेपूर्वी तिथे प्रार्थना होत असे आणि हत्यारेही नेमाने उकळली जात. त्यांपैकी एक गोष्ट केल्याने दुसरीवरचा भरवसा उणावतो, असे मावशीला कधी वाटल्याचे मला आठवत नाही.

शेजाऱ्यांची माया निराळ्या वाटेने आली. समोरच्या वहिनींनी टेकडी गणपतीला नवस बोलला आणि यांच्या कार्यालयातील एका जुन्या सहकाऱ्यांनी ताजबागेत चादर चढवली. आम्ही दोघांचेही मनापासून आभार मानले. आमच्या वाटेने जाताना आम्हीही वेगळे काही करत नव्हतो, हे यांच्याच लक्षात आले. ‘प्रभू, याला बरे कर म्हणजे आम्ही मंडळीपुढे तुझी साक्ष देऊ’ अशी प्रार्थना घरच्या उपासनेत मी करू लागले, तेव्हा यांनी मध्येच थांबवले. साक्ष द्यायची तर आत्ताच देऊ, असे ते म्हणाले.

आत्ता काय द्यायचे, याचा विचार करू लागल्यावर मला सर्वांत आधी आठवली ती आमच्या आधी या वाटेने गेलेली अनोळखी माणसे. भारतातील पहिला कार-टी उपचार मुंबईत ४ जून २०२१ रोजी झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून विकसित केलेल्या, वेगळ्या प्रकारच्या रक्तकर्करोगांवरील त्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात कोटींच्या घरात जाणारा खर्च त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ खाली आला. हे घडले ते चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णांमुळे, आणि त्यांतील सर्वच जण बरे झाले नाहीत. त्यांची नावे आम्हांला कधीच कळणार नाहीत. यांच्या ज्वरावर कोणते औषध केव्हा द्यायचे हे आज डॉक्टरांना ठाऊक आहे, कारण तो ज्वर आधी कोणीतरी सोसला आहे.

प्रत्यक्ष उपचाराचे वर्णन थोडक्यात करते. यंत्राने काही तास रक्त फिरवून त्यातील टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, वेगळ्या काढल्या गेल्या. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवा जनुक घातला गेला, जेणेकरून त्या कर्करोगाच्या पेशी ओळखून त्यांच्यावर चालून जातील. काही आठवड्यांनी, आधी केमोथेरपी देऊन, त्या पेशी परत शिरेतून सोडण्यात आल्या. इतक्या प्रतीक्षेनंतरची ती पिशवी इतकी लहान होती, की मला जरा फसवल्यासारखेच वाटले. पुढे अपेक्षेप्रमाणे ताप चढला आणि त्यावर टोसिलिझुमॅब नावाचे औषध द्यावे लागले.

या उपचारात मेंदूवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून रोज साल कोणते, शहर कोणते, शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजा, असे विचारतात आणि कागदावर एक वाक्य लिहून घेतात. अक्षर बदलले का हे पाहायचे असल्यामुळे वाक्य रोज तेच ठेवा, असे सिस्टरांनी सांगितले. पाळकसाहेबांना आणि खरे म्हणजे मलाही वाटले होते, की हे स्तोत्रातील एखादे वचन निवडतील. यांनी लिहिले, ‘माझे घर नागपूरला सदरमध्ये आहे.’ वचन चुकले तर देवाचा अपमान होईल, घराचा पत्ता चुकला तर फक्त पोस्टमनची पंचाईत, असे त्यांचे स्पष्टीकरण. तापाच्या दिवसांत ‘सदर’मधला ‘र’ कागदाच्या कडेबाहेर गेला आणि त्या रात्री मी काही धड प्रार्थना करू शकले नाही. मंडळीतील बहिणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर आळीपाळीने केली. दुसऱ्यांनी माझ्या वतीने प्रार्थना केल्याबद्दलचे आभार त्या दिवसाच्या खात्यात मांडून ठेवले आहेत.

नवी मुंबईत एका मल्याळी कुटुंबाने आम्हांला, केवळ त्यांच्या चर्चमधून निरोप आला म्हणून, महिनाभराहून अधिक काळ खोली दिली, आणि पथ्याचे जेवण शिजवताना आमच्या तिखटाच्या सवयीची माफी मागितली. खुद्द कर्करोगाबद्दलही आभार मानावेत, त्याने विश्वास वाढतो, असे कोणी कोणी सांगतात. ते मला पटत नाही. आजार वाईटच आहे, आणि त्याला चांगले म्हणण्याची सक्ती प्रभूने आमच्यावर केली आहे असे मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

आता आम्ही नागपूरला परतलो आहोत. चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी आम्हांला साक्षीसाठी पाच मिनिटे दिली आहेत. चाचणीत आमच्या आधी गेलेल्यांसाठी आणि पुढच्या टप्प्यात येणाऱ्यांसाठी आम्ही प्रार्थना मागणार आहोत. अस्थिमज्जेच्या तपासणीचा अहवाल त्यानंतरच्या आठवड्यात येईल. तेव्हा आपली साक्ष एक रविवार पुढे घ्यायची का, असे पाळकसाहेबांनी काल फोनवर मायेने विचारले, आणि यांनी त्यांना ठरलेलाच रविवार ठेवायला सांगितले.