३४० कोल्हे आणि एक दरवान

माझं काम नेमकं काय आहे हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आत्याला वाटतं मी कुठल्यातरी कंपनीचे हिशेब बघते, कारण कधीही खोलीत डोकावलं तर स्क्रीनवर एक्सेलच असतं. आणि ती काही फार चुकत नाही. पुण्याच्या एका छोट्या स्टुडिओसाठी मी जळगावात बसून व्हिडिओ गेमचं बॅलन्सिंग करते, म्हणजे गेम फार सोपाही नको आणि फार अवघडही नको असे आकडे लावते. ॲक्शन आरपीजी आहे, म्हणजे लढत लढत आपलं पात्र मोठं करायचं, नाव सांगता येत नाही, सही करून दिलीये. किल्ला, जंगल, तलवार, मारलं की एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण, एक्सपीतून लेव्हल, लेव्हलमधून पॉइंट. कुठलं जनावर किती एक्सपी देतं, कुठला बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, किती फटक्यात मारतो, हे सगळं माझ्या शीटमध्ये. गेम खेळायला पैसे मिळतात असं ज्यांना वाटतं त्यांना मी एकदा ती शीट दाखवणारे.

मे महिन्यात आम्ही रिंग रोडकडच्या एका गेमिंग कॅफेत प्लेटेस्ट ठेवली, म्हणजे लोकांना गेम खेळवून बघायचा. हट्ट माझाच होता. पुण्यात टेस्टला येतात ती स्टुडिओतल्याच लोकांची मित्रमंडळी, सगळी डार्क सोल्स, एल्डन रिंग असले महाअवघड गेम कोळून प्यायलेली, त्यांना काहीही दिलं तरी म्हणतात थोडं सोपंय. मग लीड, म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख, मला सांगणार बॉसची हेल्थ वाढव. मी म्हटलं बाबा एकदा तरी अशा लोकांना खेळवून बघू ज्यांना घरी पीसी नाही. तो तयार झाला, पण माझं म्हणणं पटलं म्हणून नाही, जळगावात कॅफे स्वस्त पडतो म्हणून.

मे महिन्यातलं जळगाव ज्यांना माहितीये त्यांना जास्त सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या आसपास, लाईट जाऊन येऊन, कॅफेवाल्या मामांनी इन्व्हर्टरवर पीसी ठेवले आणि एसी बंद. पोरं घामाने डबडबलेली. बहुतेक इंजिनिअरिंगची. त्यातला एक सेकिरो नावाचा तसलाच अवघड गेम पूर्ण केलेला, आल्या आल्या त्याने ते सगळ्यांना सांगून टाकलं. आणि एक पारोळ्याकडचं पोरगं, इथं काकाच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतं, मामांनीच बोलावलेलं. कारण काय तर रोज संध्याकाळी येतो आणि भांडत नाही.

प्लेटेस्टमध्ये आपण मागे बसून लॅपटॉपवर टेलिमेट्री बघायची. कोण कुठं आहे, कुठं मेला, किती वेळ कुठल्या मेनूत होता, सगळं दिसतं. आणि मदत करायची नाही. हे बाहेरच्यांना सोपं वाटतं पण तेच सगळ्यात अवघड आहे, समोरचा माणूस उघड्या दाराच्या शेजारच्या भिंतीवर तलवार आपटत असतो आणि आपण गप्प. मामांना गप्प बसणं जमत नव्हतं, सारखे मागून, काय भो, पुढे जाय ना. शेवटी मी त्यांना सोडा आणायला पाठवलं.

बाकीचे सगळे तासाभरात पहिल्या बॉसपाशी पोचले, आम्ही त्याला दरवान म्हणतो. आणि पारोळ्याच्या पोराचा ठिपका पहिल्याच माळावर. हलेचना. मला वाटलं बिल्ड, म्हणजे गेमची चालू आवृत्ती, हँग झाली. उठून मागे जाऊन बघते तर तो कोल्हे मारतोय. आमच्याकडे दीपमाळेपाशी बसलं की हेल्थ भरते आणि मेलेली जनावरं परत येतात, डार्क सोल्समध्ये बोनफायरच्या शेकोटीपाशी होतं तसंच. तर हा दीपमाळेपाशी बसणार, चिंचोळ्या वाटेवर उभा राहून खडा मारणार, एक कोल्हा ओढणार, मारणार, मग दुसरा, परत दीपमाळ. इतका स्वच्छ हात की बघत राहावं. एकही फटका फुकट नाही. तीन तास.

मग गेला दरवानाकडे. पंचवीस सेकंद. ज्या फाइटसाठी ॲनिमेटरने अख्खा हिवाळा घालवला, दुसऱ्या टप्प्यात दरवान भाला मोडून दोन तुकड्यांनी लढतो, ते त्याने पाहिलंच नाही, तिथपर्यंत दरवान टिकलाच नाही. पोरगं स्क्रीनकडे बघत बसलं, मग वळून मला म्हणालं, "ताई, इतलाच व्हता का हाऊ?" आणि कंट्रोलर ठेवून दिला. फॉर्मवर मजेच्या रकान्यात पाचापैकी दोन.

सेकिरोवाला तिथं मरतच होता. टेबलावर हात आपटत होता, बॉसला शिव्या, आम्हाला शिव्या, मामांच्या पंख्याला शिव्या. त्याने दिले पाचापैकी पाच.

आता हे पंचवीस सेकंद आले कुठून, हे मी त्याच रात्री शीटमध्ये शोधलं आणि मला ते सांगायचंच आहे कारण यात कुठेही बग नाही. कोल्हा देतो १२ एक्सपी. दुसऱ्या लेव्हलला लागतात १०० आणि पुढची प्रत्येक लेव्हल आधीच्यापेक्षा पंधरा टक्के महाग. दरवानापाशी माणूस सहाव्या लेव्हलला पोचेल असा अंदाज, म्हणजे एकूण पावणेसातशेच्या आत एक्सपी. याने मारले ३४०च्या आसपास कोल्हे, चार हजारावर एक्सपी, लेव्हल पंधरा. दर लेव्हलला डॅमेज आठ टक्के वाढतो, नऊ लेव्हल जास्त म्हणजे दुप्पट. स्किलचे सगळे पॉइंट त्याने रक्तस्त्रावात टाकले, ते १.६ पट. तलवार दोनदा घासून घेतली, ते दीडपट. गुणाकार करा, ४.८. आणि खरी गोम पुढे आहे. हेल्थ इतकी वाढलेली की दरवानाचा फटका चुकवायची गरजच नाही, चुकवण्यात जाणारा वेळही मारण्यात, म्हणजे आणखी दीडपट. सात पट झालं. तीन मिनिटांची फाइट पंचवीस सेकंदात. एकेक आकडा वेगळा बघितला तर सभ्य वाटतो, गुणाकारात भसकन वर जातात. डायब्लो ३ गेममध्ये एकाच संचातल्या वस्तू घातल्या की मिळणाऱ्या बोनसचे असेच गुणाकार होत होत डॅमेज अब्जांच्या घरात गेला होता, तो मोठ्या कंपनीचा प्रकार, आमच्या कोल्ह्यांचं गणित त्याच जातीचं.

त्याआधी, टेस्टच्याच संध्याकाळी पुण्याशी कॉल. लीड म्हणाला सोपं आहे, स्केलिंग टाकू, खेळाडू पंधराव्या लेव्हलचा तर दरवानही पंधराव्या लेव्हलचा. माझं डोकं सटकलं. २००६ च्या ऑब्लिव्हियन गेममध्ये हेच होतं, आपण लेव्हल वाढवत गेलो की रस्त्यावरचे साधे लुटारूही महागडं काचेचं चिलखत घालून पैसे मागायला येतात, लोक अजून त्याची चेष्टा करतात. डायब्लो ४ मध्येही राक्षस आपल्याबरोबर वाढतात, आणि ताकद वाढल्यासारखी वाटतच नाही ही तक्रार २०२३ पासून आहे. तीन तास कोल्हे मारून जर दरवान तेवढाच राहणार असेल तर लेव्हल नावाचा प्रकार ठेवायचाच कशाला, सरळ काढून टाका, माझं अर्धं काम वाचेल.

सेकिरोवाल्याला पण बोलायचं होतं, लॅपटॉपसमोर येऊन बसला. तो म्हणे ताई, सेकिरोत नुसते कोल्हे मारून फारसं काही होत नाही, तिथं हल्ल्याची ताकद मुख्यतः बॉसला हरवून मिळणाऱ्या मेमरी नावाच्या बक्षिसातून वाढते, म्हणजे बॉस मारल्याशिवाय तुम्ही फारसे मोठे होत नाही. बरोबर आहे त्याचं. डिझाइन म्हणून फार देखणं आहे ते. एल्डन रिंगच्या डीएलसीत, म्हणजे नंतर आलेल्या जोडभागातही तसंच काहीसं केलं, मूळ गेमच्या लेव्हलवर भागत नाही, नकाशात विखुरलेले तुकडे गोळा करून ताकद वाढवायची. जून २०२४ मध्ये ते आलं, लोक ओरडले, आणि आठवड्याच्या आत पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढून सुरुवातीच्या तुकड्यांचा फायदा वाढवावा लागला. म्हणजे ग्राइंडिंगचं, तेच तेच मारून ताकद साठवायचं, दार बंद केलं की आत अडकलेल्या माणसासाठी दुसरं दार उघडावंच लागतं. पण आमच्या सेकिरोवाल्याच्या पुढच्या वाक्याने सगळा विचका केला, तो म्हणाला ज्याला जमत नाही त्याने खेळू नये. ही भाषा मी इतकी ऐकलीये की आता राग पण येत नाही. जणू गेम म्हणजे एमपीएससी, कटऑफ लावून माणसं गाळायची.

पण त्या कॉलवर पोराला कुणी काहीच विचारलं नाही. लीडने नाही, सेकिरोवाल्याने नाही. तो बाहेर गाडीवर शेवभाजी खात होता. मी जाऊन विचारलं, एवढे कोल्हे का मारले रे? मला वाटलं म्हणेल आवडतं, किंवा बॉस कुठंय कळलं नाही. तो म्हणाला, एकदा मेलो ना सुरुवातीला, तर एक्सपी गेले, मग ठरवलं मरायचंच नाही. मी म्हटलं अरे खेळ आहे, मेला तर मेला. तर म्हणे, "तासले चाळीस रुपया लागतस ताई. मरी गया तं कमायेल समदं जाई."

त्या दिवशी त्याच्याकडून एक रुपया घेतला नव्हता, टेस्ट होती. पण सवय तीच. कॅफेत तासावर खेळणारा पोरगा, त्यात लाईट गेली की सेव्ह गेला, त्याच्यासाठी एक्सपी म्हणजे पैसे भरून कमावलेला माल. आणि आमच्याकडे मेल्यावर लेव्हलच्या गरजेतले वीस टक्के एक्सपी कायमचे जातात, लीडची आवडती गोष्ट, त्यामुळे म्हणे तणाव राहतो. डार्क सोल्समध्ये निदान सांडलेले सोल्स परत जाऊन उचलता येतात. डायब्लो २ मध्ये एक्सपीचा दंड आहे पण नॉर्मल या पहिल्या फेरीत नाही, नाइटमेअर या दुसऱ्या फेरीत ५ टक्के, हेल या तिसऱ्या फेरीत १०, म्हणजे अख्खा गेम एकदा संपवल्यावर दंड सुरू. आणि हेडीज गेममध्ये तर गॉड मोड, म्हणजे गेम सोपा करायची सोय, चालू केली की वीस टक्के संरक्षण मिळतं, वर दर मरणाला दोन टक्के वाढ, ८० पर्यंत. मरण उलटं कामाला लावलंय. आम्ही पहिल्याच माळावर, पहिल्याच पाच मिनिटांत दंड वसूल करतो आणि मग चर्चा करतो की पोरं ग्राइंड का करतात.

म्हणून मला वाटतं हा दरवानाच्या हेल्थचा प्रश्नच नाही. अवघडपणा बॉसच्या आकड्यात थोडा आणि मेल्यावर काय जातं त्यात जास्त. सेकिरोवाला निवांत मरत होता कारण त्याच्या घरी पीसी आहे, वेळ त्याचा स्वतःचा, मरण त्याला फुकट. दोघांना एकच बॉस, एकच शीट, आणि दोघे वेगळाच गेम खेळत होते. हे मी लीडला सांगितलं तर तो म्हणाला आपण कॅफेसाठी गेम बनवत नाही. स्टीमसाठी, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानासाठी बनवतोय हे मलाही माहितीये. पण जीव मुठीत धरून खेळणारे लोक फक्त जळगावच्या कॅफेतच असतात का? नोकरीवरून येऊन रात्री तासभर खेळणारा बाप काय वेगळं करतो?

शेवटी मधला तोडगा निघाला, जो मला अर्धाच पटलाय. स्केलिंग नाही. दंड राहिला, पण सांडलेले एक्सपी उचलता येतात. आणि खेळाडू जनावरापेक्षा तीन लेव्हल वर गेला की त्या जनावराचे एक्सपी घसरत घसरत एकवर येतात. दंड पहिल्या बॉसपर्यंत पूर्ण काढा हे माझं म्हणणं लीडने तणाव शब्द वापरून परत उडवलं.

नवी बिल्ड आली तेव्हा पोराला मुद्दाम बोलावलं. नवव्या लेव्हलला एक्सपी आटले हे त्याला लगेच कळलं, माझ्याकडे बघून हसला पण. मला वाटलं आता जाईल दरवानाकडे. तो परत माळावर. कोल्हा मारल्यावर कधीकधी कातडं पडतं, गावातला व्यापारी ते घेतो, भाव कुणी नीट लावलेलाच नव्हता, आणि त्याच पैशातून औषधाच्या बाटल्या मिळतात. पंचवीस बाटल्या घेऊन गेला दरवानाकडे. या वेळी दरवानाने भाला मोडला, दुसरा टप्पा दिसला, पोरगं ओरडलं सुद्धा, पण बाटल्या पीत पीत मारलं त्याने. फॉर्मवर चार.

लीडचा मेसेज आलाय, कातड्याचा भाव पाडून टाक. मी अजून पाडलेला नाही.