व्हिक्टोरिया बाथ्सच्या पोकळ टाइल्स

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करताना मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्समधल्या टाइल्स तपासायची संधी मिळाली, आणि तो दिवस अजून डोक्यातून जात नाही. १९०६ साली उघडलेलं हे सार्वजनिक स्नानगृह, खर्च जवळपास ५९,००० पौंड, उद्घाटनाला लॉर्ड मेयर याला पाण्याचा महाल म्हणाले होते. तीन दारं आहेत, पुरुष फर्स्ट क्लास, पुरुष सेकंड क्लास आणि बायका, दारांवर तसं लिहिलेलं आजही वाचता येतं. पाणीसुद्धा याच क्रमाने फिरायचं, म्हणजे ताजं पाणी आधी फर्स्ट क्लासच्या तलावात, मग तेच सेकंड क्लासला, आणि शेवटी बायकांच्या तलावात. हे कळलं तेव्हा मला खरंच राग आला.

सकाळी फर्स्ट क्लासच्या जिन्यापासून सुरुवात केली. हिरव्या टाइल्स, काय तो रंग, नक्षीच्या खोलगट भागात ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, दाट साचलंय तिथे जवळजवळ काळपट आणि उंचवट्यावर फिकट. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने एकेक टाइल हळूच ठोकायची, टणक आवाज आला तर ठीक, ढप असा आला तर मागे पोकळ, खडूने फुली. एका कोपऱ्यात फुल्याच फुल्या! सोबतचा माणूस म्हणाला सगळी भिंत काढून नवीन लावू, वेळ वाचेल. मी म्हटलं आधी एक काढून बघू.

काढली. मागे पांढरे क्षार भुरभुरत होते आणि कधीतरी कोणीतरी भरलेलं सिमेंट. मग बाहेर जाऊन बघितलं तर बरोबर त्याच जागी पावसाच्या पाण्याचा पाइप फुटलेला, भिंत ओली, आणि ग्लेझमधून ओल बाहेर पडू शकत नाही, सिमेंटमधूनही नीट नाही, त्यामुळे क्षार टाइलच्या मागेच साठतात, त्यांचे खडे वाढतात आणि टाइल ढकलली जाते. नवीन टाइल लावली असती तरी तिचंही हेच झालं असतं. म्हणजे आधी पाइप, मग भिंत वाळू द्यायची, मग नंबर टाकून फक्त पोकळ टाइल्स काढायच्या आणि सिमेंटऐवजी ओल बाहेर जाऊ देणाऱ्या चुन्यात परत बसवायच्या.

हे स्नानगृह १९९३ ला बंद पडलं, लोकांनी ते पाडू दिलं नाही, २००३ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मतांवर जिंकून त्याला दुरुस्तीचा निधी मिळाला. इतक्या लोकांचा जीव अडकलेली जागा आहे ही.

म्हणूनच संध्याकाळच्या बैठकीत कोणी म्हणालं की पैसे हिरव्या जिन्यावरच लावू, फोटो तिथलेच निघतात, तेव्हा मला गप्प बसवेना. बायकांच्या बाजूच्या साध्या टाइल्सही तेवढ्याच जुन्या आहेत, आणि ज्यांना कायम उरलेलं पाणी मिळालं त्यांना आता उरलेले पैसे द्यायचे? मी रिपोर्टमध्ये तिन्ही बाजू एकाच यादीत घातल्या आणि बायकांच्या बाजूलाही एक पाइप गळत होता, तो पहिल्या टप्प्यातच घ्यावा असं लिहून दिलं.