रक्षाविसर्जनाच्या आधी विचारायचे प्रश्न

रक्षाविसर्जनाला सगळी भावकी जमते. पंचगंगेवरून घरी आल्यावर चहा होतो आणि कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "आबांनी काही लिहून ठेवलंय का?" बहुतेक घरांत लिहिलेलं नसतं. आबा आठ दिवसांपूर्वी सोप्यात बसून पेपर वाचत होते, तेव्हा विचारायला कुणाची जीभ रेटली नाही.

विचारणं म्हणजे मरणाची वाट बघणं, असं घरातल्यांना वाटतं. म्हणून वेळ आणि शब्द नीट निवडावे लागतात. सणाचा दिवस नको आणि दवाखान्यातली रात्र तर नकोच, कारण तेव्हा सगळेच घाबरलेले असतात. रविवारी सकाळी न्याहारीनंतर अर्धा तास पुरतो. एका बैठकीला एकच विषय ठेवा आणि पहिल्याच बैठकीत जमीन काढू नका. जमिनीचा विषय निघाला की दुसरं काही बोलणं होत नाही. "आबा, उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर डॉक्टरांना आम्ही काय सांगायचं?" इथून सुरुवात करा. यात मालमत्तेला हात लागत नाही, त्यांचं मत मागितलं जातं. आबा गप्प बसले तर बसू द्या. पुष्कळदा पंधरा दिवसांनी तेच विषय काढतात.

त्या उत्तराला कायद्याचं बळ देता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केलं की झालं. आपल्याला बोलता येईनासं झालं तर निर्णय कुणी घ्यायचा, ती नावं त्यात घाला. एकाऐवजी दोन घातलेली बरी. माणूस बरा होण्याची आशा उरलेली नसेल तेव्हाच हे पत्र लागू होतं, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावर. चूक बहुधा पुढे होते: पत्र कपाटात पडून राहतं आणि माणूस अतिदक्षता विभागात असतो. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक ज्यांची नावं घातलीत त्यांच्याकडे द्या.

मृत्युपत्राबद्दल गैरसमज फार आहेत. स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीही सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली असली की पुढे शंकेला जागा कमी राहते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दोन साक्षीदार. ते आबांपेक्षा वयानं लहान असावेत, कारण वाद उभा राहतो तेव्हा साक्षीदार हयात लागतो. ज्याला वाटा मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वय झालेलं असेल तर मन ठिकाणावर असल्याचा त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. "शेत थोरल्याला" एवढंच लिहून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, शहरातलं घर असेल तर सिटी सर्व्हे नंबर लिहा. तारीख विसरू नका, कारण दोन मृत्युपत्रं निघाली तर शेवटचं धरलं जातं. आणि वडिलोपार्जित जमिनीत आबांना फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं.

बँक खात्याला लावलेल्या नॉमिनीच्या नावावरून भावाभावांत जितकं फाटतं, तितकं दुसऱ्या कशानं फाटत नसेल. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. मालकी कायदेशीर वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याला दिलं त्याची. शेअर्सच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा टक्काही ठरवता येतो.

या बैठकीत लेकी पाहिजेतच. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. तरी दहाव्याच्या आत साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते. नोंदलेलं हक्कसोडपत्र सहजी मागं फिरवता येत नाही. दुःखात असलेल्या बहिणीकडून सही घेणं हा अन्याय आहे. तिला सोडायचाच असेल हक्क, तर सहा महिन्यांनी, कागद वाचून सोडू दे. जमिनीची वारस नोंद मात्र लांबवू नका. वारसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं असतं, आणि अर्जात एकही वारस गाळायचा नाही.

नेत्रदानाची इच्छा सांगून ठेवली तरी घरच्यांची संमती लागतेच. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. मुंबईहून लेक येईपर्यंत थांबण्यात ही वेळ निघून जाते. नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, काम थोडक्यात होतं, अंत्यविधी खोळंबत नाही.

आणि आईशी वेगळं बोला. आबा समोर असले की ती "ह्यांनी ठरवलं तसं" म्हणते. तिला दोन गोष्टी विचारा. पहिली घराची: आबांच्या मृत्युपत्रात तिचा हयातभर राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला हवा, नाहीतर ती मुलांच्या मर्जीवर राहते. दुसरी कुंकवाची. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं त्याचं अनुकरण करण्याचं परिपत्रक काढलं. पण त्या दिवशी बांगड्या फोडायला भावकीतल्या बायकाच पुढं येतात, तेव्हा परिपत्रक कुणाच्या हातात नसतं. म्हणून आबांनीच आपल्या अक्षरात लिहावं, "माझ्या मागं हिच्या बांगड्या, कुंकू, मंगळसूत्राला कुणी हात लावू नये." तो कागद थोरल्या सुनेकडं द्यावा, कारण त्या वेळी आईच्या शेजारी तीच बसलेली असते.