आमची वाटचाल: एक टिन, दोन फ्लेवर

बेळगावात आता कुठल्याही बेकरीत जा, टू इन वन केक मिळतोच. अर्धा चॉकलेट, अर्धा पायनॅपल. पण शहापूर-वडगाव भागात तो एकाच टिनमध्ये भाजलेला पहिल्यांदा आम्ही दिला, तेव्हा ज्यांनी खाल्लाय त्यांना विचारा हवं तर. बाकीचे देतात ते दोन केक अर्धे अर्धे कापून क्रीमने चिकटवलेले असतात, त्याला टू इन वन म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

सुरुवात मी आणि माझ्या मेहुण्याने केली. तो शहराच्या कॅम्प भागातल्या एका जुन्या बेकरीत भट्टीवर काम केलेला, पाव, खारी, टोस्ट सगळं हाताखालून गेलेलं, मला फक्त हिशोब यायचा. घरातले म्हणायचे कुंदा मिठाईच्या गावात केक कोण घेणार. घेतात की, वाढदिवस कुणाच्या घरी येत नाही.

हा डबल केक, म्हणजे टू इन वनच, आमच्याकडून करून घेतला तो वडगावच्या अक्कांनी. शाळेत बाई होत्या, जुळे नातू, एकाला चॉकलेटच पाहिजे आणि दुसरा चॉकलेट तोंडात घालायचा नाही, दोन केक आणले तर मेणबत्ती आधी कुठल्यावर यावरून रडारड. अक्का म्हणाल्या, "एकच कर की रे, मधे भिंत घाल." मेहुण्याने पुठ्ठ्याला फॉईल गुंडाळून घातली भिंत. पण पुठ्ठा ओला होतो, वाकतो. मग उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या वर्कशॉपमधून स्टीलची पट्टी कापून आणली, 8 इंची टिनमध्ये आतून घट्ट बसणारी, वर धरायला दोन कान असलेली. ती पट्टी अजून आमच्याकडे आहे, धुवायलासुद्धा मी दुसऱ्याच्या हातात देत नाही.

पट्टी असली म्हणजे झालं असं नाही. बॅटर एकच करायचं आणि मैदा घालायच्या आधी काट्यावर वजन करून दोन भाग करायचे, अंदाजाने नाही. चॉकलेटच्या भागात 100 ग्रॅम मैद्यामागे 20 ग्रॅम मैदा काढून तेवढाच कोको घालायचा, आणि कोको पाणी ओढतो म्हणून दोन चमचे दूध जास्त, नाहीतर एक बाजू घट्ट आणि एक पातळ होते आणि भाजताना पातळ बाजू दुसरीच्या खाली सरकते. पायनॅपलच्या भागात फक्त इसेन्स, क्रश म्हणजे अननसाचा गोड गर बॅटरमध्ये घालायचाच नाही, तो थरांच्या मधे. ओतायला दोन माणसं लागतात, एक इकडून एक तिकडून, बरोबर एकाच वेळी, मी आणि बायको ओततो. मग पट्टी सरळ वर ओढायची, तिरकी ओढली की जोड फाटलाच. डेक ओव्हनला, म्हणजे बेकरीच्या कप्प्यांच्या ओव्हनला, मागची बाजू जास्त तापते हे धंद्यातल्याला सांगायला नको, पण जोडाची रेघ पुढून मागे अशी ठेवायची, आडवी नाही, म्हणजे दोन्ही फ्लेवरना सारखी आच लागते. चॉकलेटच्या बाजूला रंगावरून काही कळत नाही, त्यामुळे काडी दोन्हीकडे घालून बघायची.

आता आमच्याकडे कामाला असलेल्या एका पोराचं. आमच्याकडेच शिकला, ओतायला बायकोच्या जागी कितीदा उभा राहिला असेल. नाव घेत नाही. एक दिवस गावाला जातो म्हणून गेला आणि आमच्याच रस्त्यावर काचेचं काउंटर, एसी, वर लायटिंगचा बोर्ड. जाताना आमच्या गिऱ्हाईकांचे नंबर घेऊन गेला, आणि प्रत्येकाच्या वाढदिवसाला आदल्या दिवशी मेसेज. किलोमागे शंभर रुपये कमी. तेव्हा केकवर 18 टक्के जीएसटी, आम्ही बिल फाडून देणार, तो बिलाचं नावच काढणार नाही, मग स्वस्त पडणारच की. आणि केक कसला, तर चिकटवलेला! पट्टीचं काम येत असून केलं नाही, कारण वेळ जातो. लोकांना वरून काय कळतंय, वर क्रीम एकसारखंच. संध्याकाळी आमच्या फ्रीजमध्ये केक तसेच, ओव्हनचा हप्ता तोंडावर, मेहुणा म्हणाला मी आपला पावाच्या लाईनला परत जातो आणि गेला, त्याला दोष देत नाही, त्यालाही पोरंबाळं आहेत. त्यातच ऑगस्ट 2019 चा पाऊस, बळ्ळारी नाल्याचं पाणी आमच्या गोडाऊनपर्यंत, मैद्याची पोती गेली, ओव्हनची कॉईल गेली. कॉईल बदलून जरा उभे राहतोय तोवर मार्च 2020, सगळं बंद. दुकान द्यायचं असं दोनदा ठरलं होतं.

दिलं नाही ते अक्कांमुळे. त्यांच्या सुनेने स्वस्त म्हणून त्या पोराच्या दुकानातून केक आणला होता, कापला तर ताटात दोन तुकडे दोन दिशांना. अक्का तो तुकडा डब्यात घालून माझ्या दुकानात आल्या, काउंटरवर ठेवला आणि चार गिऱ्हाईकं उभी असताना म्हणाल्या, "ह्याला केक म्हणत्यात?" मला काही बोलावंच लागलं नाही. नंतर लॉकडाऊनमध्ये घरून ऑर्डर घ्यायला सुरू केल्या तेव्हा गल्लीतल्या निम्म्या ऑर्डरी त्यांनी फोन करून आणल्या. त्यांचे नातू आता कॉलेजला आहेत, केक अजून तोच लागतो, पैसे मी घेत नाही म्हटलं की रागावतात.

घरी करणाऱ्यांना एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. थर कापायच्या आधी केकच्या कडेला जोडाजवळ सुरीने उभी खूण करा, नाहीतर थर परत रचताना चॉकलेटवर पायनॅपल येतं आणि मग खालून वरून चौकटच होते. साखरपाणी लावताना जोडापासून बोटभर जागा सोडा. आणि गोठलेलं व्हिप क्रीम फ्रीजमध्येच वितळू द्या, बाहेर ठेवून घाई केलीत तर फेटून कंटाळाल.

आमच्याकडे डबल हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा, गणपतीत आणि डिसेंबरमध्ये दोन दिवस आधी. सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के झालाय, तेवढा दर आम्ही उतरवलाय, बिल मागून घ्या. निपाणीला कुरिअर करा म्हणून फोन येतात, करत नाही, क्रीम तिथवर उभं राहत नाही.