आमची वाटचाल: पडवीतल्या वीस मीटरपासून

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि मालवण परिसरात कित्येक घरांच्या वायरिंगची वाट लागली. मी आयटीआयचा वीजतंत्री, तोवर दुसऱ्यांच्या हाताखाली राबत होतो. त्या पावसाळ्यात दुरुस्तीची इतकी कामं आली की दसऱ्याला बाजारात गाळा भाड्यानं घेतला. हिशेब बायकोनं हातात घेतले.

पहिलं मोठं काम तारकर्लीतल्या एका होमस्टेचं. पडवीच्या कडेनं वीस मीटर एलईडी स्ट्रिप, आणि सगळा उजेड एकाच डिमरवर कमी-जास्त व्हायला हवा. १२ व्होल्टचे पाच-पाच मीटरचे चार रोल आणले आणि एकाच्या शेपटाला दुसरा असे क्लिपनं जोडत गेलो. संध्याकाळी बटण दाबलं. मालकीणकाकू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या नि म्हणाल्या, "रे झिला, हयसर लख्ख उजेड नि थयसर काळोख, असां कित्याक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या रात्री डिमरचं डबडं वितळलं.

घरी बायकोनं रोलचं खोकं उलटंपालटं करून वाचलं. मीटरला १४.४ वॅट. "म्हणजे वीस मीटरला २८८. आता बाराने भागा." २४ अँपिअर! डिमरवर छापलं होतं ८. जोडण्याआधी ही बेरीज मी केलीच नव्हती. त्या दिवशी तिनं एक वही घातली, 'लोडची वही'. आजही त्या वहीत बेरीज झाल्याशिवाय आमच्याकडून एक तार कापली जात नाही.

काकूंचं काम आम्ही स्वखर्चानं पुन्हा केलं. रोल २४ व्होल्टचे घेतले. वॅट तेवढेच, पण करंट निम्मा: रोलला ३ अँपिअर, चारांचे १२. करंट निम्मा झाला की तारेत फुकट जाणारी उष्णता चौथाईवर येते. दीड चौरस मिलीमीटरच्या तारेनं बारा मीटर लांब जायचं तर १२ व्होल्टच्या एका रोलमागे वाटेतच पावणेदोन व्होल्ट गळतात. २४ला एक व्होल्टसुद्धा नाही. काकूंना दिसलेला काळोख या गळतीचा होता, आणि लांबच लांब जोडलेल्या स्ट्रिपच्या पातळ तांब्यात तर ती आणखी वाढते. म्हणून आता डिमरच्या पुढे जंक्शन आणि तिथून प्रत्येक रोलला स्वतःची प्लस-मायनसची जोडी, म्हणजे सगळे पॅरलल. डिमर १५ अँपिअरचा, आणि घरच्या विजेचे २४ व्होल्ट करून देणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, ३६० वॅटचा. त्याला ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त राबवायचं नाही, हा आमचा नियम.

जागा मोठी असली की एकट्या डिमरच्या अंगावर सगळा करंट घालणं मला पटत नाही. तिथे आम्ही अॅम्प्लिफायर लावतो. डिमरकडून तो फक्त इशारा घेतो, करंट त्याच्या स्वतःच्या एसएमपीएसमधून येतो, आणि एकच बटण फिरवलं की अख्खं अंगण एकसाथ मंद होतं. दोन एसएमपीएसच्या प्लस तारा मात्र एकत्र बांधायच्या नाहीत.

पंख्याचा रेग्युलेटर एसएमपीएसच्या आधी लावून स्ट्रिप मंद करू पाहणारे लोक अजून भेटतात. मग गुणगुण येते, उजेड थरथरतो. या स्ट्रिपसाठी डिमर एसएमपीएसच्या पुढेच हवा. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतो. स्वस्त डिमरमध्ये हा वेग कमी असतो. एका घरी गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ मोबाईलवर काढला तर मूर्तीवरून काळे पट्टे सरकताना दिसले. वर्षभर वाट पाहिलेल्या चाकरमान्यांच्या आठवणीत असे पट्टे राहावेत, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिमर बदलून दिला.

आणि खारा वारा. क्लिपचे जोड आमच्याकडे टिकत नाहीत, तांबं हिरवं पडतं. जोड डाखायचा आणि वर गरम हवेनं आवळणारी स्लीव्ह चढवायची. समुद्राच्या तोंडावरच्या कामाला बोटींसाठी येते तशी कलई केलेली तार वापरतो. महाग पडते, पण गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. डाखकाम आता बायको माझ्यापेक्षा सफाईनं करते आणि हाताखालच्या दोन्ही पोरांना तिनंच शिकवलंय.

काकूंच्या पडवीतले ते चार रोल अजून चालू आहेत. टोकाला मल्टिमीटर लावून मी दर ऑक्टोबरात आकडा घेतो, सीझन सुरू व्हायच्या आत.

यंदा माटवीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीची, कामं श्रावण संपेपर्यंत घेतोय. दुकानात येताना चारही बाजूंची लांबी मोजून आणा, आणि बटणापासून प्रत्येक बाजूपर्यंतचं अंतर वेगळं लिहा. हा दुसरा आकडा बहुतेक जण विसरतात.