आमची वाटचाल : शहाद्याची लॅब

शहाद्यात लॅब टाकली तेव्हा कलरीमीटर, सेंट्रिफ्यूज, एक चांगला मायक्रोस्कोप आणि सोल्युबिलिटी टेस्टचे सामान एवढेच आमचे भांडवल होते. डायथायोनाइटच्या द्रावणात रक्त टाकून नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा दिसेनाशा झाल्या की रक्तात सिकल सेलचे (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) हिमोग्लोबिन आहे हे कळे, पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून सांगता येत नसे. वाहकाला सहसा औषध लागत नाही, रुग्णाच्या बाबतीत मात्र हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा विचार करावा लागतो. म्हणून कर्ज काढून आम्ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून त्यांचा आलेख काढणारे एचपीएलसी मशीन घेतले.

त्याच सुमारास समोर एका मोठ्या लॅबचे कलेक्शन सेंटर उघडले. स्वस्त पॅकेजे आणि डॉक्टरांना ठरलेला कट, यांपुढे आमचे रेफरन्स आटले. नमुने येवोत न येवोत, रीएजंटची मुदत संपतेच. हप्ते थकले, बँकेच्या नोटिसा आल्या, आणि ज्यांचे प्लेटलेट आम्ही रात्री-अपरात्री मोजून दिले, त्यांनी ओळख दाखवणेही सोडले.

धडगावचे एक डॉक्टर तेवढे टिकले. त्यांचा बर्फाचा डबा एसटीच्या कंडक्टरजवळ येई आणि जांभळ्या टोपणाच्या प्रत्येक नळीवर नाव, पाडा व शेवटचे रक्त कधी चढवले हे त्यांच्याच अक्षरात असे. (चढवलेले रक्त आलेखात मिसळते, हे सांगूनही कित्येकांना पटत नाही.) त्यांच्या एका मधुमेही रुग्णाचे एचबीएवनसी (लाल पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) त्या सेंटरवर उत्तम आले होते, उपाशीपोटीची साखर मात्र 200 च्या वर. आमच्या आलेखात ‘एस’चे, म्हणजे सिकलच्या हिमोग्लोबिनचे, शिखर उंच, नेहमीच्या ‘ए’चे जवळपास नाहीच. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकल रुग्णाची 10 ते 20 दिवस. अशा पेशींवरून तीन महिन्यांची साखर कशी कळणार? ‘एचबीएवनसी ग्राह्य धरू नये’ असा शेरा मारून आम्ही फ्रुक्टोसामीन, म्हणजे रक्तातील प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची तपासणी, सुचवले. डॉक्टरांनी तो रिपोर्ट आपल्या मित्रांना दाखवला आणि हळूहळू डबे वाढले.

नव्याने लॅब टाकणाऱ्यांनी रोज कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावल्याशिवाय पहिला नमुना चालवू नये, आणि आलेख न पाहता नुसता आकडा तर मुळीच छापू नये.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले आणि आता ‘प्रिसिजन मेडिसिन’वर, म्हणजे ज्याच्या-त्याच्या शरीराप्रमाणे उपचार ठरवण्यावर, भाषणेही होतात. मलेरियाचे प्रायमाक्विन देण्याआधी जी6पीडी (लाल पेशींतले विकर, ते कमी असेल तर या औषधाने पेशी फुटतात) तपासा, असे आम्ही सांगत होतो तेव्हा ते धंदा वाढवणे ठरले होते. गेलेले डॉक्टर परतले आहेत, पण सोपे नमुने अजून बाहेरच जातात. अडलेला तेवढा आमच्याकडे येतो आणि त्याचे बिलही वेळेवर चुकते होत नाही.